बिनकाट्याची बाभूळ

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत खराट्याचा आवाज सुरू होतो. कडुनिंबाचा पाला झाडताना नुसती सळसळ होते, पिंपळाची पानं गोळा करताना कागद चुरगळल्यासारखं वाटतं. या झाडाची पानं मात्र खडखडतात, सुपात चिंचोके पाखडावे तशी. समोरच्या काकू तीसेक वर्षांपासून हा खडखडाट झाडत आल्या आहेत आणि तितकीच वर्षं त्याला बोलत आल्या आहेत. "सरतच नाही बाप्पा याचं," म्हणतात आणि टोपलं नालीकाठी उपडं करतात. दुपारी वारा सुटला की टोपल्यातलं निम्मं परत अंगणात.

झाड आमच्या कुंपणाला लागून आहे, म्हणजे बोलणी आम्हाला बसतात.

नागपुरात सक्करदरा तलावाच्या मागच्या अंगाला बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा तिथे ले-आउटचे दगड आणि काळी माती एवढंच होतं. एकेकाळी हा भोसल्यांच्या बागांचा टापू. महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सोनेगाव, तेलंखेडी यांच्या जोडीनं सक्करदऱ्याचं नाव घेतलं जाई. आमच्या वाट्याला बाग आली नाही. तलाव होता, बुधवारचा बाजार होता, उमरेड रोडवरून धुरळा उडवत जाणारे ट्रक होते आणि सावली म्हणावी तर विजेच्या खांबाची. १९८४च्या पावसाळ्यात शाळेत रोपं वाटली. मला दोन मिळाली, काळ्या पॉलिथिनच्या पिशव्यांतली. एक कडुनिंबाचं होतं, ते सगळ्यांना ओळखू आलं. दुसऱ्याला काय म्हणायचं ते मास्तरांनाही पटकन सांगता येईना. "ऑस्ट्रेलियन बाभूळ," ते म्हणाले, "नाहीतर अकेशिया म्हण." मी दोन्ही लावली. पंधरा दिवसांत शेजारच्या बकरीनं कडुनिंबाचा शेंडा खाल्ला, महिन्यात नुसती काडी राहिली. अकेशियाला ती हुंगायची आणि पुढे जायची.

या झाडाचं सारं भाग्य त्या हुंगून पुढे जाण्यात होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

१९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगानं सामाजिक वनीकरणाची शिफारस केली आणि १९८२ साली महाराष्ट्रात त्याचं स्वतंत्र खातं झालं. गावाला सरपण हवं होतं, पडीक जमिनी आणि रस्त्यांच्या कडा हिरव्या करायच्या होत्या. त्यासाठी पाहिजे होतं असं झाड, की जे लवकर वाढेल, मुरमाडात तग धरेल, पाणी मागणार नाही आणि मुख्य म्हणजे ज्याला कुंपण लागणार नाही. निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प यांच्या रांगेत हे झाड आलं. उत्तर ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी आणि इंडोनेशियाची काही बेटं हे त्याचं माहेर. भारतात ते १९४६च्या सुमारास बंगालमध्ये उतरलं. मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन धरतं, त्यामुळे मेलेल्या मातीतही जगतं. कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या ढिगांवर ते देशभर लावलं गेलं, गोव्यात लोखंडाच्या खाणींच्या लाल डोंगरांवर लावलं गेलं. दुरून पाहिलं तर डोंगर हिरवा. फोटोत तर फारच हिरवा. पण त्या हिरव्यात जनावर सोडून पाहा. संध्याकाळी ते उपाशी परत येईल. लावणाऱ्याच्या दृष्टीनं जो गुण, तोच राखणाऱ्याच्या दृष्टीनं अवगुण. त्या काळच्या रोपवाटिकांत बकरीवाल्याला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या आजीला तर कोणीच विचारलं नव्हतं, तरी तिनं आपला निकाल दिला. आजी दर्यापूरकडची, ळ म्हणायच्या ऐवजी य म्हणणारी. दिवाळीला आली तेव्हा झाड माझ्या डोक्याएवढं झालं होतं. तिनं फांदी हातात धरली, वरून खाली बोटं फिरवली, पान मोडून नाकाशी नेलं. मग विचारलं, "हे काय होय रे?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, बाभूळ. आजी हसली. "काटा नाही तं बाभूय कायची?"

आजीच्या लेखी बाभूळ म्हणजे अख्खा संसार होता. वखराचं लाकूड तिचं, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा तिचा, दात घासायची काडी तिची, बाळंतिणीच्या लाडवांतला डिंक तिचा, चामडं कमवायची साल तिची. उन्हाळ्यात रानात हिरवं काही उरत नसे, तेव्हा गुराखी लांब आकडीनं फांदी खाली ओढी आणि खाली बकऱ्या तोंड वर करून शेंगांची वाट पाहत. आणि काटा? काटा तर हवाच. तोडलेल्या काटेरी फांद्या शेताच्या धुऱ्यावर रचल्या की कुंपण झालं. पायात मोडलेला बाभळीचा काटा दुसऱ्या बाभळीच्याच काट्यानं काढायचा. तिच्यावर मराठीत कवितासुद्धा झाली: वसंत बापटांनी लिहिली, इंदिरा संतांनी लिहिली. ज्या झाडाला काटाही नाही आणि डिंकही धड नाही, त्यानं हे नाव लावावं हे आजीला पटण्यासारखं नव्हतं. ती पुढे दर दिवाळीला यायची आणि झाडाकडे पाहून "ते तुमचं काय ते" असं म्हणायची. तिनं त्याला शेवटपर्यंत नाव दिलं नाही.

आता गंमत पाहा. इंग्रजीत या ऑस्ट्रेलियन झाडांना म्हणतात वॉटल. हा शब्द कुठून आला हे मी एकदा शोधायला गेलो आणि आजीच्या घरात जाऊन पोचलो. ऑस्ट्रेलियात गेलेल्या पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी घरं बांधताना या झाडांच्या लवचिक फांद्या एकमेकींत विणल्या आणि वरून चिखल लिंपला. अशा विणलेल्या भिंतीला त्यांच्याकडे जुन्या काळापासून वॉटल म्हणत; भिंतीचं नाव झाडाला चिकटलं. म्हणजे आपला कूड! आजीचं गावाकडचं घर कुडाचंच होतं. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या उभ्या-आडव्या विणलेल्या, त्यावर शेण-मातीचा गिलावा, आणि दिवाळीत पांढऱ्या मातीचा हात. लहानपणी मी त्या भिंतीचा पोपडा नखानं काढायचो आणि आत विणलेली काडी दिसली की आजी पाठीत धपाटा घालायची. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी अगदी तस्सा कूड घालत होतं आणि त्या कुडावरून एका झाडाचं बारसं करत होतं, हे तिला सांगायला हवं होतं. पण मला कळलं तेव्हा आजी नव्हती.

नावाची याहून मोठी भानगड पुढे आहे. ती वनस्पतिशास्त्रज्ञांची आहे, पण भाऊबंदकीत शोभावी अशी.

अकेशिया हा शब्द मुळात बाभळीचा. इजिप्तमध्ये नाईलकाठी वाढणारं काटेरी झाड, तेच आपल्या धुऱ्यावरचं झाड. जुन्या ग्रीक वैद्यकानं त्याला हे नाव दिलं आणि शास्त्रज्ञांनी पुढे सगळ्या कुळीलाच ते दिलं. कुळी फुगत गेली. बाभूळ, खैर, हिवर, ऑस्ट्रेलियातले शेकडो वॉटल, सगळे एकाच आडनावाखाली. मग लक्षात आलं की ही सगळी एका घरातली नाहीत. वाटण्या करायच्या ठरल्या. प्रश्न उरला, मूळ आडनाव कोणी ठेवायचं? रीत अशी की ज्याच्यावरून नाव पडलं त्याच्याकडे ते राहावं, म्हणजे बाभळीकडे. पण ऑस्ट्रेलियातल्या जाती साडेनऊशेच्या घरात, बाभळीच्या गटातल्या दीडशे-पावणेदोनशे. नाव बाभळीकडे ठेवलं तर तिकडच्या साडेनऊशे पाट्या बदलाव्या लागणार. २००५ साली व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञांचं अधिवेशन भरलं, मतदान झालं. नाव ऑस्ट्रेलियाला देण्याच्या विरोधात सुमारे ५५ टक्के मतं पडली. पण ठराव फेटाळायला ६० टक्के लागत होती. म्हणून विरोधात जास्त मतं पडूनही ठराव राहिला. २०११ला मेलबर्नमध्ये पुन्हा वाद झाला आणि निकाल कायम झाला. मेलबर्नमध्ये, बघा! पंचायत कोणाच्या वाड्यात भरली यावर निकाल ठरत नसतो, असं म्हणतात खरं.

तेव्हापासून माझ्या कुंपणाजवळचं झाड अकेशिया आहे आणि बाभूळ नाही. बाभळीला आता व्हॅचेलिया म्हणायचं. हा व्हॅचेल म्हणजे एकोणिसाव्या शतकात मकावमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांना प्रार्थना सांगणारा एक इंग्रज पाद्री. फावल्या वेळात वनस्पती गोळा करायचा. वाईट माणूस नसावा. पण वऱ्हाडातल्या धुऱ्यावरच्या बाभळीनं त्याचं नाव लावून बसावं, हे जरा अतीच झालं. आमच्या वस्तीत शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. त्याच्या फाटकासमोरून जाताना मला नेहमी वाटतं की इथे तरी बाभळीची इज्जत शाबूत असणार. निघंटूत ती बब्बूल म्हणून बसलेली आहे, तिला व्हिएन्नाहून कोणी उठवू शकत नाही.

नाव देण्याच्या बाबतीत मराठी माणूस कंजूष आहे असं मात्र नाही. सक्करदऱ्याहून निघालेला हाच रस्ता उमरेडवरून पुढे भिवापूरला जातो. भिवापूरची मिरची सगळ्या विदर्भाला ठाऊक. मिरची आली अमेरिकेतून, पोर्तुगिजांच्या गलबतांतून. आपल्या लोकांनी ती चाखली, मिरीसारखी झोंबते म्हणाले आणि तिला मिऱ्याच्या घरात घेऊन टाकली. सीताफळ अमेरिकेचंच, त्याला तर थेट सीतामाईचं नाव लावलं. बरं, जे आवडलं नाही त्यालाही नावं मिळाली. गाजरगवताला काँग्रेस म्हणून झालं, टणटणीला घाणेरी म्हणून झालं. आमच्या विदर्भात तलावाकाठी, नालीकाठी ते जांभळट फुलांचं झुडूप माजतं, कापलं तरी फुटतं, उपटून फेकलं तरी पडल्या जागी मूळ धरतं, त्याला आम्ही बेशरम म्हणतो. इतकं नेमकं नाव लिनियसलाही सुचलं नसतं. जे ताटात आलं त्याला लाडानं नाव दिलं, जे पायात आलं त्याला रागानं दिलं. हे झाड दोन्हींकडे आलं नाही. ते आलं फक्त खराट्याखाली. चाळीस वर्षं आमच्यात राहून त्याला अजून स्वतःचा शब्द नाही; दुसऱ्याचं आडनाव आणि पुढे देशाचं नाव, जसं भाडेकरूला "ते वरचे कलकत्तेवाले" म्हणावं.

खुद्द बंगालमध्ये त्याची गोष्ट वेगळी आहे. तिकडे याच झाडाला सोनाझुरी म्हणतात. शांतिनिकेतनजवळ खोवाईच्या लाल घळींत त्याची दाट राई आहे, शनिवारी तिच्या सावलीत हाट भरते, बाऊल गातात, बायका कांथाच्या साड्या मांडून बसतात आणि लोक मुद्दाम आगगाडीनं ती राई बघायला जातात. मी गेलो होतो. झाडाखाली उभा राहिलो, वर पाहिलं, तर आमच्याच गल्लीतलं झाड! तीच खडखडणारी पानं, तोच वाकडा बुंधा. शेजारचा माणूस "सोनाझुरी" म्हणाला आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला पहिल्यांदा त्याची फुलं दिसली. म्हणजे फुलं घरीही होतीच की. पावसाळा सरता सरता पिवळ्या कणसांनी झाड भरतं, खाली हळदीचा सडा पडतो, सकाळी माझ्या स्कूटरची सीट पिवळी होते. मी ती वीस वर्षं फडक्यानं पुसत आलो होतो.

परत आल्यावर मी झाड जरा नीट पाहू लागलो, आणि आजीचा संशय दुसऱ्याच अर्थानं खरा निघाला. काकू रोज ज्याला पानं म्हणून झाडतात ती पानंच नव्हेत. विळ्याच्या पात्यासारखं वळलेलं, वीतभर लांब, उभ्या शिरांचं ते जे आहे तो देठ आहे. मोठ्या झाडाला खरं पान येत नाही. देठच पसरट होऊन पानाचं काम अंगावर घेतो. त्याची कातडी जाड, पाणी बाहेर पडू देताना हात आखडता. २३ मे २०१३ला नागपूरचा पारा ४७.९वर गेला होता. त्या दुपारी मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या चाफ्याची पानं लोंबली होती, तुळस मान टाकून होती, आणि हे झाड आपलं सकाळी होतं तसंच उभं. त्याच्या सावलीत एक आइस्क्रीमवाला गाडी लावून झोपला होता आणि त्याच्या गाडीखाली दोन कुत्री. त्या दिवशी काकूही काही बोलल्या नाहीत.

पण तीच जाड कातडी जमिनीवर पडली की कुजत नाही. बाबांनी परसात खताचा खड्डा केला होता. कडुनिंबाचा पाला, भाजीची देठं, सगळं दोन पावसांत काळं होऊन जाई. याचे विळे मात्र वर्षानं खड्डा उकरला तरी जसेच्या तसे निघत, धुऊन पुन्हा झाडाला लावता येतील असे. बाबा फावडं टेकवून म्हणायचे, "सरकारी झाड आहे. फाइल लवकर निकालात निघत नाही." त्यांची उभी नोकरी कचेरीतली होती, त्यांना बोलायचा अधिकार होता.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, पावसाच्या आधी, वावधन आलं. या झाडाची वाढ भराभर होते आणि फांद्या वाऱ्याला लवकर दगा देतात, हे मला वाचून माहीत होतं. त्या रात्री ऐकून कळलं. सकाळी मांडीएवढी फांदी माझ्या स्कूटरवर आडवी पडलेली. गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं मुळापासून काढा, कोणी म्हणालं १९७५चा कायदा आहे, परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. सुतार आला, त्यानं तुटलेल्या टोकावर अंगठा फिरवला. आतला गाभा गडद तांबूस तपकिरी होता. "लाकूड चांगलं आहे जी," तो म्हणाला, "पण सरळ कुठं आहे? दोन फुटांचा तुकडा मिळनं मुश्कील." मी त्याच्याकडून तेवढ्यातून एक नंदी करून घेतला. तान्ह्या पोळ्याला नातवानं त्याला चाकं लावून, मखरात बसवून गल्लीभर ओढला. तिथे इतर पोरांनी विचारलं, कशाचा आहे? तो म्हणाला, झाडाचा.

फांदी गेली तरी झाडाला फरक पडला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा तडकल्या. या शेंगा पिकताना पिळवटत जातात, कानाच्या पाळीसारख्या. शास्त्रीय नावातही तो कान आहे. लहानपणी आम्ही त्या कानावर अडकवून डूल म्हणून मिरवत असू. शेंग उलगडली की आत काळी चकचकीत बी दिसते, आणि प्रत्येक बी एका केशरी दोऱ्यावर लोंबकळते. बी पडत नाही, लटकत राहते, कोणीतरी यावं म्हणून. बुलबुल येतो, साळुंकी येते. दोरा त्यांचा खाऊ, बी त्यांच्याबरोबर फुकट प्रवासाला. मग पहिला पाऊस पडला की गच्चीच्या पन्हाळात, काकूंच्या तुळशीवृंदावनाच्या फटीत, मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, तलावाच्या भिंतीच्या सांध्यात कोंब दिसू लागतात. आता कोणी पिशवी वाटायची गरज नाही. ते स्वतःच स्वतःला लावतं.

गेल्या जुलैत मी नालीकाठी एक रोप पाहिलं, दीड वीत उंच. उकिडवा बसून निरखलं. सगळ्यात खालची पानं चक्क बाभळीची होती! बारीक बारीक, जोडीजोडीनं लागलेल्या पानोळ्या, हात लावला तर लाजाळूची आठवण यावी अशा. त्याच्या वरच्या पानाचा देठ जरा चपटा झालेला आणि टोकाला पानोळ्यांचा तुरा अजून शाबूत. त्याच्यावर देठ आणखी रुंद, तुरा खुरटलेला. शेंड्याला नुसता विळा. चार इंचांत त्यानं घरची भाषा टाकून दिली होती. आजीला हे खालचं पान दाखवलं असतं तर तिनं नक्की बोटं फिरवली असती आणि काटा शोधला असता.

मी ते उपटलं. दर पावसाळ्यात उपटतो. गेल्या वर्षी बेचाळीस निघाली. मोकळ्या प्लॉटमध्ये या झाडानं पाय रोवले की खाली गवतसुद्धा धड येत नाही, हे मी पाहिलेलं आहे. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी मात्र त्याच सकाळी मी दोन बादल्या पाणी ओतलं होतं, बोअरिंगच्या खोदकामात त्याची मुळं उघडी पडली होती म्हणून. रोपाच्या मुळांना चिखल धरून आला होता. तो झटकला तेव्हा मुळांवर ज्वारीच्या कण्यांएवढ्या गाठी दिसल्या. एक नखानं फोडली, आत गुलाबी.

"मोठं झाड ठेवता अन् लेकरं उपटता जी तुम्ही," काकू मागे येऊन उभ्या होत्या, खराटा काखेत.

मी काही बोललो नाही. रोप त्यांच्या टोपल्यात टाकलं.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "ती मागची फांदी वाळली असन तं सांगजा. मले बंबाले लागते. जळते मात्र मस्त, हं!"